डोळ्याला तुमच्यात काय म्हणतात

हिद्दच्या गोदीतला दवाखाना म्हणजे
कंटेनरला पाडलेली एक खिडकी,
दोन बाकं, पाणी गाळणारा एसी
आणि मी, दिगंबर कोचरेकर, रात्रपाळीचा ब्रदर.
पाटीवरचं 'हिद्द' मी पहिल्या दिवसापासून
'हद्द' असंच वाचत आलोय.

पहाटे तीनला बइधर स्वाईंला हात धरून आणलं.
काच न घेता ठिणगीकडे पाहिलं होतं.
डोळ्यांत वाळू आहे म्हणाला, मूठभर.
त्याच्याआधीच बाकावर होता आइगार्स,
सुक्या गोदीत चढवलेल्या टँकरचा सेकंड इंजिनियर,
बुबुळावर गंजाचा कण.
दोघांचं इंग्रजी माझ्याइतकंच :
पाना, बोल्ट, ओके, टुमारो.

डोळा धुताना माणसाला बोलतं ठेवावं लागतं,
नाहीतर तो पापणी आवळून घेतो.
म्हणून विचारलं,
डोळ्याला तुमच्यात काय म्हणतात?

'आत्स', आइगार्स म्हणाला.
एवढंसं. काडी मोडल्यासारखं.
'आखि', बइधर म्हणाला, मिटल्या डोळ्यांनीच,
आणि माझा ड्रॉपर हवेत थांबला.
कुठला तो लाटवियाचा गार काठ, कुठलं केंद्रापडा,
आणि हे चुलतभाऊ निघाले की
एकाच बाकावर!
मी म्हणालो, 'डोळा'.
माझाच शब्द उपरा,
पत्ता चुकून भलत्याच लग्नात शिरलेला.

बइधरनं तरी त्यातला ळ सहज उचलला,
जिभेवर फिरवून परत दिला. आमच्यातही आहे, म्हणाला.
त्यांच्यात कळा म्हणजे काळा.
आमच्यात कळा म्हणजे
तुला आत्ता डोळ्यांतून येतायत त्या, मी म्हटलं.
आइगार्सनं 'डोल्या' म्हणून पाहिलं, दोनदा,
मग सोडून दिलं.

मग पाणी वाहू लागलं. थोडं सलाइनचं, थोडं त्यांचं.
ह्याला?
'आसरा', आइगार्स म्हणाला.
मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.
आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड,
त्या आसरा.
कुणी कुणाला देतो, तोही आसरा.
आणि आसवं तर तिथंच, हाकेच्या अंतरावर.
आता हा माझ्या अंगणात आला
आणि बइधर बाहेर राहिला एकटा.

'लुह', तो म्हणाला. पूर्ण ह, ओठ गोल करून.
थोडा वेळ गप्प. मग हसला,
डोळे सुजलेले असताना माणूस हसतो तसा, फक्त गालांनी.
ह्याला काना दिला की 'लुहा', म्हणाला, लोखंड.
बारा वर्षं त्या एका कान्यावर पोट भरतोय.

लोखंडाला आइगार्सनं सांगितलेला शब्द
मला लिहिता येणार नाही.
नुसता द्झ आणि ल आणि स, जीभ कापेल असा.
तो कुणाचाच नातेवाईक नव्हता.

प्रत्येक शब्दाला दोघं आत, एक उंबऱ्याबाहेर.
बाहेरचा दर वेळी वेगळा.
ह्याचं शास्त्र असेल कुणाकडे. माझ्याकडे कापूस होता.

निघताना एकानं मला 'दिगंबर्स' केलं.
त्यांच्यात पुरुषाच्या नावाला
स चं शेपूट लागतं म्हणे.
दुसऱ्यानं माझा र असा पूर्ण उच्चारला, गोल,
की मलाच माझं नाव लांबलचक वाटलं.
मीच काय तो लिहितो सबंध
आणि बोलताना स्वतःचा पाय मोडतो.

रजिस्टरात रकाने असतात :
देश, कंपनी, तक्रार, वेळ.
दोन ओळींत 'तक्रार : डोळा' लिहिलं
आणि बइधरच्या सहीकडे पाहिलं.
सगळी वळणंच. रेघ सरळ ओढली
की ताडाचं पान फाटायचं, म्हणून,
आजोबांकडून ऐकलेलं सांगत होता.

गुरुवारी गोदीत पाणी सोडलं. टँकर तरंगला.
आइगार्सनं वरून हात केला,
कुणाला ते उन्हामुळे कळलं नाही.
त्याच्या पायाखाली, जहाजाच्या पोटाशी,
पाण्याच्या रेषेखाली कुठंतरी
बइधरनं भरलेला एक सांधा आहे.
लुह की लुहा,
मी विचारलं नाही.